एकाच फ्रेममध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ : राउटरची वाटणी कशी करावी

एका प्रादेशिक वाहिनीतल्या अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : नवा राउटर (आत येणारा कोणताही सिग्नल, म्हणजे सोर्स, बाहेरच्या कोणत्याही वाटेला, म्हणजे डेस्टिनेशनला, जोडणारं यंत्र) १२८ × १२८ चा आहे. आत येणाऱ्या बाजूला १६ स्लॉट, प्रत्येक कार्डावर ८ कनेक्टर. बाहेर जाणाऱ्या बाजूलाही तसंच. पहिल्या १२ स्लॉटमध्ये एसडीआय (डिजिटल) व्हिडिओ, शेवटच्या ४ मध्ये एईएस (डिजिटल) ऑडिओ. बसवणाऱ्यांनी १ ते १२८ असं एकच पार्टिशन (कनेक्टरांचा पट्टा) ठेवून दिलं आणि ते गेले. आता पॅनलवर (राउटर चालवण्याच्या बटणांच्या फळीवर) सर्व्हर ३ दाबला की चित्र येतं, पण आवाजासाठी दुसरं बटण शोधावं लागतं. कोणी चुकून व्हिडिओ सोर्स ऑडिओ डेस्टिनेशनवर टाकला तरी पॅनल मुकाट्याने ‘झालं’ म्हणतं आणि तिकडे आवाज गायब. भरीस भर म्हणून ऑटोमेशनमधून (कार्यक्रम आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) मागितलेला सोर्स एका नंबराने सरकून येतो. दोन पार्टिशन करावीत का, आणि वाहिनी चालू असताना कशी?

करावीतच. पण कॉन्फिगरेशनच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी पार्टिशन केल्याने राउटरमध्ये नेमकं काय बदलतं ते बघू, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथे आहे.

गावाकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा जमीन जागची हलत नाही. बदलतो तो सातबारा. गट नंबर तोच राहतो, त्याचे पोटहिस्से पडतात आणि तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे त्या नव्या नंबराने व्यवहार करतात. राउटरचंही तसंच आहे. पार्टिशन पाडल्याने एकही बीएनसी (केबलचा कनेक्टर) हलत नाही, प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या क्रॉसपॉइंट कार्डाला तर पत्ताही नसतो. फक्त ‘अमुक कनेक्टरपासून तमुक कनेक्टरपर्यंतचा पट्टा, या जातीचा सिग्नल, या लेव्हलवर (त्या जातीच्या थरावर), आणि त्याचे नंबर इथून सुरू’ एवढी नोंद कंट्रोल कार्डात होते. पण पॅनल, ऑटोमेशन, टॅली (ऑन-एअरचे दिवे), मल्टिव्ह्यूअरची (एका पडद्यावर अनेक चित्रं दाखवणाऱ्या यंत्राची) नावं, साल्व्हो (एका बटणात होणारे अनेक बदल) हे सगळे त्या नोंदीवर जगतात. नोंद चुकली की भांडणं बांधावर होतात, म्हणजे आपल्याकडे एमसीआरमध्ये, मुख्य नियंत्रण कक्षात.

शब्दांचा घोळ आधीच मिटवतो. ग्रास व्हॅलीच्या एनव्हिजन घराण्यातल्या राउटरांत पार्टिशन हाच शब्द आहे. इतरांकडे त्याच कामाला कुठे लेव्हल म्हणतात, कुठे लॉजिकल मॅट्रिक्स. काही कंट्रोल सिस्टिममध्ये ‘कोणत्या पॅनलला कोणती डेस्टिनेशन दिसावीत’ या अधिकारांच्या विभागणीलाही लोक पार्टिशन म्हणतात. ती वेगळी गोष्ट आणि वेगळ्या पडद्यावरची. मॅन्युअल वाचताना आपण कोणत्या पार्टिशनबद्दल वाचतोय ते पहिल्या पानावरच ठरवा, नाहीतर अर्धा दिवस वाया जातो.

आता तुमची फ्रेम, म्हणजे राउटरची पेटी. माझी वाटणी अशी असेल :

पार्टिशन १, व्हिडिओ : कनेक्टर १ ते ९६, लेव्हल १, नंबर १ पासून.
पार्टिशन २, एईएस ऑडिओ : कनेक्टर ९७ ते १२८, लेव्हल २, नंबर पुन्हा १ पासून.

बाहेर जाणाऱ्या बाजूलाही हेच आकडे. हिशेब सोपा : कनेक्टरच्या नंबरातून पट्ट्याच्या सुरुवातीचा नंबर वजा करायचा आणि १ मिळवायचा. कनेक्टर १०५ म्हणजे १०५ वजा ९७ अधिक १, म्हणजे लेव्हल २ वरचा ९ नंबरचा सोर्स. हे झालं की तुमची मधली तक्रार आपोआप मिटते. लेव्हल १ चा सोर्स लेव्हल २ च्या डेस्टिनेशनवर टाकण्याची सोयच कंट्रोल सिस्टिममध्ये उरत नाही, त्यामुळे खोटं ‘झालं’ही नाही.

पार्टिशन नेहमी कार्डाच्या कडेवर सुरू करा आणि कडेवरच संपवा. तुमच्याकडे ९६ ला ८ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे रेष १२ आणि १३ नंबरच्या स्लॉटमध्ये स्वच्छ पडते. एक माणूस मला अभिमानाने १०० व्हिडिओ आणि २८ ऑडिओ अशी वाटणी दाखवत होता, कारण ‘शंभर लक्षात ठेवायला बरं’. त्यात ९७ ते १०० हे चार व्हिडिओ सोर्स एईएस कार्डावर पडत होते. कागदावर होते, फ्रेममध्ये नव्हते. दोन पट्टे एकमेकांवर चढू देऊ नका. काही सॉफ्टवेअर त्याबद्दल तक्रार करतं, काही करत नाही. आणि रिकामे कनेक्टर आहेत म्हणून पट्टा आखडता घेऊ नका. उद्याचं कार्ड त्याच जागी येणार आहे.

वाटणी कशावरून करायची, यात नवखे लोक फसतात. एसडी वेगळं, एचडी वेगळं, ३जी (३ गिगाबिटचं एसडीआय) वेगळं अशी तीन व्हिडिओ पार्टिशन मी पाहिली आहेत. काही गरज नाही. २७० मेगाबिट असो, १.४८५ गिगाबिट असो की २.९७, कार्ड तो वेग पेलत असेल तर क्रॉसपॉइंटला फरक पडत नाही. उलट वेगळी पार्टिशन केलीत की एसडीचा जुना फीड एचडी डेस्टिनेशनच्या अप-कन्व्हर्टरवर टाकता येत नाही, म्हणजे आपणच आपला रस्ता बंद केला. तसंच एईएसचं. ७५ ओहमचं बीएनसी आणि ११० ओहमचं बॅलन्स्ड ही फक्त दारं वेगळी, आतला डेटा एकच. दोन्ही एका पार्टिशनमध्ये सुखाने नांदतात.

सिंक्रोनस आणि असिंक्रोनस एईएस मात्र एकत्र ठेवू नका. असिंक्रोनस कार्ड आलेले बिट जसेच्या तसे पुढे देतं. घड्याळ कोणतं, सॅम्पल रेट किती, त्याला देणंघेणं नाही. बदल्यात स्विच करताना एईएसची फ्रेम मध्येच तुटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. सिंक्रोनस कार्ड हाउस सिंकला (वाहिनीतल्या सगळ्या यंत्रांच्या सामाईक घड्याळाला) बांधलेलं असतं, बाहेरून आलेला ऑडिओ सॅम्पल रेट कन्व्हर्टरमधून काढून ४८ किलोहर्ट्झच्या आपल्या घड्याळावर आणतं आणि फ्रेमच्या कडेवर स्विच करतं. आवाज स्वच्छ. तुमच्या चार एईएस कार्डांवरचे पार्ट नंबर वाचून घ्या. चारही एकाच जातीची असतील तर दोनच पार्टिशन पुरेत. दोन-दोन असतील तर तिसरं पाडा आणि लेव्हल ३ द्या.

सिंक्रोनस कार्डांबाबत एक सावधगिरी. डॉल्बी ई चा प्रवाह एका एईएस जोडीतून जातो, दिसायला साधा ऑडिओ, पण आत आठ चॅनेलपर्यंतचा कोड केलेला डेटा. तो सॅम्पल रेट कन्व्हर्टरमधून गेला की मेला. मीटर नाचत राहतात आणि डिकोडर मात्र आंधळा. अशा इनपुटवर कन्व्हर्टर बंद करायचा आणि तो सिग्नल मुळातच आपल्या सिंकला बांधलेला आहे ना याची खात्री करायची. आपल्या २५ फ्रेमच्या जगात डॉल्बी ई ची एक फ्रेम बरोबर व्हिडिओच्या एका फ्रेमएवढी, म्हणजे १९२० सॅम्पलची असते, म्हणून स्विचही व्हिडिओच्या स्विचिंग लाइनवरच (स्विचसाठी ठरलेल्या, न दिसणाऱ्या ओळीवर) व्हायला हवा : १०८०आय ला लाइन ७, जुन्या ६२५ ला लाइन ६. ज्या राउटरमध्ये पार्टिशननुसार रेफरन्स (घड्याळाचा सिग्नल) निवडता येतो, तिथे ऑडिओ पार्टिशनलाही व्हिडिओचाच रेफरन्स द्या. बरेच जण ऑडिओसाठी वेगळा वर्ड क्लॉक आहे म्हणून तो देतात. दोन्ही घड्याळं एका जनरेटरची नसतील तर दर थोड्या वेळाने येणारी बारीक ‘टिक’ शोधत महिना जातो.

आता तुमची पहिली तक्रार, एका बटणात चित्र आणि आवाज. पार्टिशन झाल्यावर कंट्रोल सिस्टिममध्ये ‘सर्व्हर ३’ नावाचं एक डिव्हाइस बनवा आणि त्याच्या ओळीत लेव्हल १ चा नंबर, लेव्हल २ चा नंबर भरा. समजा तुमच्या सर्व्हर ३ चा व्हिडिओ कनेक्टर ३५ वर आहे आणि ऑडिओ १०५ वर. मग ओळ होईल : सर्व्हर ३, व्हिडिओ ३५, ऑडिओ ९. पॅनलवर एक टेक (बदल लागू करणं), दोन्ही लेव्हल बदलतात. फक्त आवाज वेगळा घ्यायचा असेल तर ब्रेकअवे, म्हणजे लेव्हल १ चं बटण सोडून टेक.

इथवर सगळे मॅन्युअल सांगतात. ३५ आणि ९ हे दोन आकडे मात्र वेगळे ठेवू नयेत, असं माझं मत आहे, आणि ते नंतर रात्री-अपरात्री उपयोगी पडतं. कंट्रोल सिस्टिम असेल तोवर ती ३५ आणि ९ ची गाठ सांभाळते. पण कंट्रोल सिस्टिम पडली की फ्रेमवरचं साधं एक्स-वाय पॅनल (सोर्स आणि डेस्टिनेशन निवडण्यापुरतं) उरतं, आणि ते बहुतेक वेळा एकच नंबर सगळ्या लेव्हलना पाठवतं. कितीतरी ऑटोमेशनही ‘सगळ्या लेव्हल’ म्हणताना हेच करतात. तेव्हा ३५ मागितला की व्हिडिओ सर्व्हर ३ चा, आणि ऑडिओ लेव्हलवर ३५ नंबर अस्तित्वातच नाही. म्हणून ज्या यंत्रांना वेगळा एईएस ऑडिओ आहे ती सगळी व्हिडिओच्या पहिल्या ३२ नंबरांत आणा, आणि व्हिडिओ-ऑडिओचा नंबर एकच ठेवा. सर्व्हर ३ चा व्हिडिओ ३५ वरून काढून ९ वर लावा. कॅमेरे, ग्राफिक्स, ज्यांचा आवाज तसाही मिक्सरमधून येतो किंवा येतच नाही, ते ३३ च्या पुढे. केबल हलवण्याचा कंटाळा येतो, मान्य. पण रॅक नवा आहे तोवरच हे करता येतं. सहा महिन्यांनी केबल टायच्या जंगलात कोणी हात घालणार नाही.

यात एक पेच आहे. नंबर ओळीने दिले की ९, १०, ११, १२ वर चारही सर्व्हर येतात आणि ते चारही एका कार्डावर, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसतात. ते कार्ड गेलं की वाहिनी गेली. म्हणून मुख्य सर्व्हर ९ वर आणि बॅकअप १७ वर, म्हणजे तिसऱ्या स्लॉटवर. ऑडिओत ९ म्हणजे १४ वा स्लॉट आणि १७ म्हणजे १५ वा. तिथेही कार्ड वेगळं पडलं. नंबर दिसायला उड्या मारतात, ऑपरेटर कुरकुर करतात. करू दे. त्यांना पॅनलवर नावं दिसतात, नंबर नाही.

आवाज जोडीने राउट करायचा की एकेक चॅनेल, हेही आत्ताच ठरवा. ३२ जोड्या म्हणजे ६४ मोनो. तुमची वाहिनी एकभाषी असेल तर जोडीवरच राहा. एकाच चित्रावर मराठी आणि हिंदी असे दोन समालोचनाचे ट्रॅक चालवत असाल तर मोनो लागतं, कारण एका जोडीत डावीकडे एक भाषा आणि उजवीकडे दुसरी असं येणारं साहित्य हमखास मिळतं.

पुढे कधी हायब्रिड कार्डं घ्यायचा मोह झाला, ज्यांत एसडीआयमधला ऑडिओ आतल्या आत सुटा होतो, तर एक गुणाकार आधी करून बघा. एचडी एसडीआयमध्ये १६ चॅनेल. ९६ इनपुट गुणिले १६, म्हणजे १५३६ मोनो सोर्स. ऑटोमेशन बहुतेक ठिकाणी अजूनही प्रोबेलच्या काळापासूनच्या एसडब्ल्यू-पी-०८ या प्रोटोकॉलवर बोलतं, आणि त्याच्या साध्या आज्ञांमध्ये सोर्सचा नंबर ० ते १०२३ पर्यंतच मावतो. १०२५ वा आणि त्यापुढचे सोर्स पॅनलवरून मिळतील, ऑटोमेशनवरून नाही. विस्तारित आज्ञा आहेत, पण त्या दोन्ही टोकांना यायला हव्यात. खरेदीच्या आधी लेखी विचारा. दुसरा सोपा मार्ग, आणि मी तोच घेतो : ऑटोमेशनला मोनोचा पट्टा दाखवायचाच नाही. त्याला व्हिडिओ लेव्हल पुरते, कारण आवाज एसडीआयच्या आतूनच जातो.

नंबर एकाने सरकण्याचं कारणही याच प्रोटोकॉलमध्ये आहे. तारेवर मोजणी शून्यापासून होते. पॅनलवरचा सोर्स ९ तारेवर ८ म्हणून जातो, लेव्हल १ ही ० म्हणून. ऑटोमेशनच्या तक्त्यात कोणी पॅनलवरचे नंबर भरले आणि एक वजा करण्याचा पर्याय बंद राहिला, की सर्व्हर ३ मागितल्यावर त्याच्या पुढचा येतो. दोन्ही बाजूंनी वजा केलं तर मागचा येतो. ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहब राउटरमध्येही, नेटवर्कवरून ९९९० पोर्टवर मजकूर पाठवता तेव्हा, मोजणी शून्यापासूनच. सोर्सपेक्षा लेव्हल सरकली तर जास्त धोका, कारण मग चित्र हलतच नाही आणि सगळे केबल तपासत बसतात. ऑटोमेशनवाल्यांशी फोनवर नंबर बोलताना ‘पॅनलचा नऊ की तारेवरचा नऊ’ हे विचारायची सवय लावा.

आता चालू वाहिनीवर हे कसं करायचं. क्रॉसपॉइंटवर असलेली जोडणी कंट्रोल कार्ड बदललं तरी सहसा टिकते. पण कॉन्फिगरेशन चढवताना काही फ्रेम सगळी जोडणी पुसून नव्याने लावतात. तुमची कोणत्या जातीची हे प्रयोगाने शोधू नका, निर्मात्याच्या मदतकक्षाला विचारा. तोवर असं धरून चाला की सगळं जाईल. ऑन-एअरचा मार्ग पॅच बेवरून (हाताने केबल जोडण्याच्या फळीवरून) राउटरला वळसा घालून थेट ट्रान्समिशन साखळीत द्या, मध्यरात्रीनंतरचा पुनर्प्रसारणाचा वेळ निवडा आणि जुन्या कॉन्फिगरेशनची प्रत दोन ठिकाणी ठेवा. प्रोटेक्ट आणि लॉक लावलेल्या डेस्टिनेशनची यादी आधी हाताने लिहून घ्या. लॉक म्हणजे कोणालाच बदलता येत नाही, प्रोटेक्ट म्हणजे ज्याने लावलं त्यालाच बदलता येतं. दोन्ही नंबराला चिकटलेले असतात, यंत्राला नाही. वाटणी बदलली की ऑन-एअर डेस्टिनेशनचं कुलूप भलत्याच दारावर लटकलेलं सापडतं. साल्व्होंचीही तीच गत, त्या एकेक उघडून तपासाव्या लागतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका वाहिनीत मी अशीच वाटणी केली, तपासली, सगळं उत्तम. फ्रेममध्ये कंट्रोल कार्डं दोन होती, आणि नवं कॉन्फिगरेशन मी चालू कार्डावरच चढवलं. दुसरं कार्ड आपोआप जुळवून घेईल असं मी गृहीत धरलं. ते जुळवून घेत नव्हतं. काही महिन्यांनी पॉवर सप्लायच्या कामात चालू कार्ड खाली गेलं, दुसऱ्याने ताबा घेतला. लगेच काहीच झालं नाही, कारण जोडण्या जागच्या जागी होत्या. संध्याकाळच्या बातमीपत्राच्या आधी ऑपरेटरने नेहमीसारखा टेक मारला आणि राउटरने तो जुन्या सातबाऱ्यावरून वाचला. चित्रात आमची निवेदिका, आवाज दुसऱ्या स्टुडिओतल्या हिंदी चर्चेचा. साधारण चाळीस सेकंद. तेव्हापासून वाटणीनंतर मी कार्डांची अदलाबदल मुद्दाम करतो, तीही दोनदा, आणि दोन्ही कार्डांवर तीच तपासणी करतो.

ती तपासणी अशी. १ वर १, २ वर २ असं तिरप्या रेषेत बघून काही कळत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या असतील तरी ते बरोबर दिसतं. कोपरे बघा (आधी सोर्स, मग डेस्टिनेशन) : १ ते १, ९६ ते ९६, १ ते ९६, ९६ ते १. मग कार्डांच्या कडा, ८ आणि ९, १६ आणि १७, तसं पुढे. चित्राला नाव लिहिलेले कलर बार, आवाजाला ईबीयूचा स्टिरिओ टोन, उणे १८ डीबीएफएसवर, ज्यात डावा चॅनेल दर तीन सेकंदांनी क्षणभर तुटतो. डावा-उजवा उलटला असेल तर कानाला लगेच कळतं. साधा अखंड टोन दोन्ही चॅनेलवर लावलात तर ही चूक सहा महिने लपून राहते. ऑडिओ पार्टिशनला १ ते ३२ आणि ३२ ते १ हे दोन टेक विसरू नका; पट्ट्याचा शेवट चुकीचा भरलेला असतो तो इथेच सापडतो. मग हेच सगळं ऑटोमेशनकडून करवून घ्या, पॅनलकडे बघत.

तुमचा पुढचा राउटर कदाचित आयपी असेल. तिथे फ्रेम नाही, स्लॉट नाही, पण एसटी २११० मध्ये व्हिडिओ, ऑडिओ आणि पूरक डेटा वेगवेगळ्या प्रवाहांतून जातात, त्यामुळे ‘सर्व्हर ३ म्हणजे कोणता व्हिडिओ आणि कोणता ऑडिओ’ हा तक्ता तिथेही तुम्हालाच भरायचा आहे. आत्ता नीट केलेला तक्ता तिथे जसाच्या तसा कामाला येतो.

तूर्त एवढं करा : एईएस कार्डांचे चार पार्ट नंबर, कंट्रोल कार्डांवरची सॉफ्टवेअर आवृत्ती आणि सध्याचा सोर्सचा तक्ता पाठवा. सिंक्रोनस-असिंक्रोनसचा निकाल लागला की तिसऱ्या पार्टिशनचे आकडे सांगतो. आणि वाटणी झाल्यावर तक्त्याची छापील प्रत, तारखेसकट, फ्रेमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुनी प्रत त्याआधी काढून टाका. दोन तारखांचे दोन तक्ते एकाच दारावर मी एकदा पाहिले आहेत, आणि रात्रपाळीचा मुलगा नेमका वरचा, जुना वाचत होता.